सार्वजनिक सभेचें त्रैमासिक आणि सभासदांचीं मुखत्यारपत्रें

पुणें सार्वजनिक सभेनें इ. स. १८७८ सालीं जें इंग्रजी त्रैमासिक काढलें व जें १८९७ पर्यंत चालविलें, त्याचा उपयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाविषयीं लिहिणाऱ्या बहुतेक ग्रंथकारांनीं केला आहे. परंतु हा उपयोग ज्या रीतीनें झाला ती रीत आम्हांस सदोष वाटते. त्रैमासिकांत सभेच्या कामकाजाचा एक भाग असे व स्वतंत्र निबंधांचा दुसरा. ग्रंथकार पहिला भाग उलटून दुसऱ्याकडे वळतात, आणि तेथील निनांवी निबंधांपैकीं माधवराव रानड्यांचे कोणते हें ठरविण्यांत आपली सर्व बुद्धि खर्च करतात. हा शोध निरर्थक आहे असें आमचें म्हणणें नाहीं. सारा, जंगल, मीठ, शेतकऱ्यांचें कर्ज, देशी उद्योगधंदे यांवरील त्या निबंधांची योग्यता मोठी आहे, व त्यांतील पुष्कळसे रानड्यांचे आहेत यांत संशय नाहीं. पण त्यामुळें सभेचा इतिहास म्हणजे रानड्यांच्या बुद्धीचा इतिहास असा समज रूढ झाला. आणि १८९५ नंतरचा भाग आला कीं तोच टिळकांच्या चरित्राचा एक अध्याय होऊन बसतो. सभासद कोण होते, ते कोणाच्या वतीनें बोलत होते, आणि तसें बोलण्याचा अधिकार त्यांस कोणीं दिला होता, हा प्रश्न दोन्हीकडे राहून जातो. आमच्या मतें सभेच्या इतिहासांतील मुख्य प्रश्न तोच आहे.

सभेचा जन्म २ एप्रिल १८७० रोजीं झाला. निमित्त पर्वती संस्थानच्या व्यवस्थेविषयीं लोकांत उत्पन्न झालेल्या असंतोषाचें. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस पुढें सर्व महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणूं लागला, ते पेशानें वकील. तक्रार सांगावयास जाणारा मनुष्य कोणाच्या तर्फे आला आहे हें आधीं सिद्ध झालें पाहिजे, ही गोष्ट वकिलास शिकवावी लागत नाहीं. म्हणून सभेच्या घटनेंत असा नियम ठेवण्यांत आला कीं, सभासद होणाऱ्यानें निदान ५० इसमांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें. आरंभींच ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांच्या वतीनें निवडले गेले. हा सारा प्रकार न्यायकचेरींतल्या वकीलपत्रावर बसविलेला आहे, असें आम्हांस दिसतें. मुंबईची असोसिएशन १८५२ सालीं निघाली होती. पुण्यांतही १८६७ सालीं एक असोसिएशन निघून गेली होती. त्या संस्थांत वर्गणी भरणारा तो सभासद. येथें वर्गणीच्या जोडीस दुसऱ्याची सही लागूं लागली. पहिले अध्यक्ष औंधचे श्रीनिवासराव परशुराम पंतप्रतिनिधि होते, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकास गंमतीचा वाटेल. छत्रपति राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस निर्माण झालेलें प्रतिनिधिपद हें राजाच्या वतीनें प्रजेवर अधिकार चालविण्याचें. त्याच पदाचा वारस आतां प्रजेच्या वतीनें सरकाराशीं बोलणाऱ्या सभेच्या गादीवर बसला.

या आंकड्यांचें थोडें गणित करावें. ९५ सभासदांस प्रत्येकीं ५० प्रमाणें ४,७५० सह्या पुरल्या असत्या. प्रत्यक्षांत सरासरी प्रत्येकाच्या पाठीमागें ६३ माणसें पडतात. म्हणजे नियमाची हद्द ओलांडली गेली, पण फार नाहीं. बहुतेकांनीं आवश्यक तेवढ्या सह्या जमवून थोड्या अधिक घेतल्या असाव्या. १८७२ च्या खानेसुमारींत पुणें शहराची वस्ती सुमारे ९० हजार होती. त्यांत बायकामुलें वजा केलीं तर सहा हजार हा आंकडा उपेक्षणीय नाहीं. परंतु तो सर्व शहराचा कौलही नव्हे. सभेच्या स्तुतिपाठकांनीं पहिली गोष्ट सांगितली, सभेच्या निंदकांनीं दुसरी. दोघांनींही सही करणारे कोण हें पाहिलें नाहीं.

निंदकांत सर्वांत तीक्ष्ण जोतीराव फुले. ही सभा नांवाची सार्वजनिक असून वस्तुतः ब्राह्मणांची आहे, शूद्रातिशूद्रांचा तींत शिरकाव नाहीं, असा त्यांचा आक्षेप. त्यांनीं सत्यशोधक समाज १८७३ च्या सप्टेंबरांत त्याच पुण्यांत स्थापला, तेव्हां हा आक्षेप दुरून घेतलेला नव्हे. सभेचे चरित्रकार त्याची वाट द्वेषाचा उद्गार म्हणून लावतात. आम्हांस तसें करतां येत नाहीं. सभासदांत ब्राह्मणांचें आधिक्य होतें, आणि सरदार, इनामदार, सावकार व वकील हे वर्ग पुढें होते, ही गोष्ट कोणी नाकारीत नाहीं. मुखत्यारपत्राच्या नियमानें दार सर्वांस उघडें ठेवलें हें खरें. पण ज्याच्याकडे ५० माणसें सहीसाठीं येऊं शकतील असा मनुष्य त्या काळच्या पुण्यांत कोण असे? ज्याचें कूळ आहे, ज्याचा पक्षकार आहे, ज्याचा ऋणको आहे, तो. सही देणारा व घेणारा यांचा संबंध सभेच्या पूर्वींपासूनचा असे, आणि तो बरोबरीचा असेच असें नाहीं.

याचा परिणाम सभेच्या मतांवर झाला काय? झाला, असें आम्हांस वाटतें. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं दुकानें लुटलीं, वह्या व खतें जाळलीं, आणि तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांत पसरलें. या दंग्याचीं कारणें सांगतांना सभेच्या पक्षाचा सर्व भर सरकारच्या वाढविलेल्या साऱ्यावर आहे. तो भर अस्थानीं नव्हता. इंदापूर-भीमथडीकडील नव्या पाहणींत सारा भारी वाढला होता हें खरें. परंतु सावकाराच्या वहीविषयीं सभेची लेखणी जितकी सौम्य आहे तितकी साऱ्याविषयीं नाहीं. लवाद कोर्टें काढून कर्जाचे तंटे आपसांत मिटवावे हा सभेचा उपक्रम स्तुत्य खरा. पण लवाद म्हणून बसणारा आणि धनको म्हणून उभा राहणारा हे एकाच वर्गांतले असल्यावर कुणब्याचा विश्वास किती बसावा? माधवरावांच्या निबंधांतील अर्थशास्त्र वाचतांना हा प्रश्न मनांत येत नाहीं. कामकाजाचा भाग वाचतांना येतो. म्हणूनच तो भाग आधीं वाचावा.

असें असलें तरी सभेचे सभासद केवळ सह्या जमवून घरीं बसले, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. विलायतेंत हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करण्यास पार्लमेंटची कमिटी बसली, तेव्हां सभेनें १८७२ सालीं पोटकमिटी नेमून जिल्ह्याजिल्ह्यांतील रयतेच्या स्थितीची माहिती गोळा केली, आणि १८७३ सालीं तिचा अहवाल छापला. ही चौकशी सरकारी हुकुमाखेरीज झालेली. त्यापूर्वीं आपल्याकडील प्रजेनें स्वतःच्या स्थितीचा असा हिशेब मांडल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. १८७५ सालीं हिंदुस्थानास पार्लमेंटांत जागा मिळाव्या म्हणून अर्ज गेला. १८७७ च्या दिल्ली दरबारास काका हातानें काढलेल्या सुताची खादी नेसून सभेच्या वतीनें मानपत्र घेऊन गेले. या गोष्टीचें वर्णन आजवर पुष्कळ झालें आहे, आम्ही तें वाढवीत नाहीं.

खरी कसोटी १८७६ च्या दुष्काळांत लागली. सभेनें ठिकठिकाणीं बातमीदार नेमून त्यांच्याकडून पीकपाणी, धारण, गुरांचा नाश, लोकांचें परागंदा होणें आणि खडीच्या कामांवरील मजुरी यांची माहिती मागविली, व ती एकामागून एक पत्रांनीं सरकारास कळविली. सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुराचें धान्य दिवसास एक पौंडावर आणण्याचें धोरण सुचविलें, तेव्हां सभेनें त्यावर आकडेवारीनिशीं हरकत घेतली. हीं पत्रें हिशेबी आहेत. त्यांत करुणरस जवळजवळ नाहीं. अमुक पेठेस ज्वारी रुपयास इतकी, अमुक कामावर इतकीं माणसें, असा तपशील आहे. आमच्या मतें सभेच्या सर्व लेखनांत हीं दुष्काळपत्रें श्रेष्ठ होत, त्रैमासिकांतील प्रौढ निबंधांहूनही श्रेष्ठ. कारण त्यांत एका पंडिताचें मत नसून अनेकांनीं गांवोगांव पाहिलेलें आहे, आणि मुखत्यारपत्राचा खरा अर्थ येथें प्रथम दिसतो: सही देणाऱ्याकडे परत जाऊन त्याचें काय चाललें आहे हें विचारणें.

आतां कर्तृत्वाच्या प्रश्नाकडे येऊं. हीं पत्रेंही रानड्यांचींच, असें सांगून अभ्यासक मोकळे होतात. रानडे १८७१ च्या अखेरीस पुण्यास न्यायखात्यांत आले. सरकारी नोकर असल्यामुळें अर्जांखालीं सही चिटणीसांची असे. तेव्हां मसुदा त्यांचा असणें पूर्ण संभवनीय आहे. पण मराठी दप्तरें चाळणारास एक गोष्ट सांगावयास नको. पेशव्यांचें पत्र कारकुनाच्या हातचें असतें. म्हणून आपण तें कारकुनाचें पत्र म्हणत नाहीं. शिक्का व मोर्तब ज्याचें, पत्र त्याचें. चिटणीसाच्या अक्षरावरून आपण लेखक ओळखतों, अधिकार नव्हे. हाच न्याय सभेच्या अर्जांस लावावा. सीताराम हरि चिपळूणकर किंवा शिवराम हरि साठे यांच्या सहीनें जें गेलें तें सभेचें, व सभेच्या द्वारें त्या मुखत्यारपत्रें देणाऱ्यांचें. तें रानड्यांच्या खात्यांत जमा केल्यानें रानड्यांचें मोठेपण वाढत नाहीं. ज्यांनीं सह्या केल्या व माहिती पुरविली ते मात्र नाहींसे होतात. या घाईचें एक ठळक फळ म्हणजे दोन जोश्यांचा घोटाळा. सभा काढणारे गणेश वासुदेव जोशी १८८० च्या जुलईंत वारले. त्रैमासिकांत अर्थशास्त्रावर लिहिणारे गणेश व्यंकटेश जोशी निराळे, पेशानें शिक्षक. इंग्रजी आद्याक्षरें एकच असल्यामुळें एकाचे निबंध दुसऱ्याच्या नांवावर घालणारे लेखक आजही भेटतात.

त्रैमासिकाच्या भाषेविषयीं एक शब्द. तें इंग्रजींत निघालें, कारण तें सरकारनें व विलायतेंतील लोकांनीं वाचावें असा हेतु होता. हेतु योग्य; पण मुखत्यारपत्र देणाऱ्यांतील बहुतेकांस तें वाचतां येत नव्हतें. आपल्या वतीनें काय बोललें गेलें हें अशिलास कळूं नये, असा वकील लोकांत फार काळ विश्वास टिकवूं शकत नाहीं. सभेस ही उणीव १८९६ च्या दुष्काळांत भरून काढावी लागली. पण तेव्हां सभा दुसऱ्यांच्या हातीं गेली होती.

ती कशी गेली याविषयीं न. चिं. केळकरांचें टिळकचरित्र (१९२३) आणि न. र. फाटकांचें रानडेचरित्र (१९२४) हे दोन ग्रंथ समोरासमोर ठेवून वाचण्यासारखे आहेत. केळकर टिळकांचे सहकारी, त्यांचा कल कोणीकडे हें सांगावयास नको; फाटकांची निष्ठा रानड्यांच्या ठायीं. १८९५ च्या जुलईंत सभेच्या व्यवस्थापक मंडळांतून जुना पक्ष गेला व टिळकांचा पक्ष आला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यास काँग्रेस भरावयाची होती, व सामाजिक परिषदेच्या मंडपाचा वाद पेटला होता. १८९६ सालीं रानडे, गोखले प्रभृतींनीं डेक्कन सभा वेगळी काढली. पुढील इंग्रजी ग्रंथकारांनींही, उदाहरणार्थ वुल्पर्ट यांनीं १९६२ सालीं, ही हकीकत दोन पुरुषांच्या स्पर्धेच्या रूपानेंच मांडली आहे. या सर्वांस आमचा एकच प्रश्न आहे. ज्या संस्थेचा पायाच सभासदाच्या मुखत्यारपत्रावर, तिच्यांत बहुमत पालटलें तर तें बळकावणें कशावरून? नवे सभासद ५० सह्या घेऊन आले असतील तर तें घटनेप्रमाणें झालें. नियम बाजूस सारून आले असतील तर तें अन्यायानें झालें. निर्णय सभासदांच्या यादीवर व मुखत्यारपत्रांवर अवलंबून आहे, टिळकांच्या आग्रही स्वभावावर किंवा रानड्यांच्या सहनशीलतेवर नव्हे. चरित्रकारांनीं स्वभाव वर्णिला, यादी पाहिली नाहीं.

नव्या मंडळाच्या हातून झालेलें काम या दृष्टीनें पाहावें. १८९६-९७ च्या दुष्काळांत सभेनें दुष्काळाच्या कायद्यांतील रयतेचे हक्क मराठींत छापून वांटले व आपले प्रचारक खेड्यांत धाडले. पीक बुडालें असतां सारा तहकूब होतो हें रयतेस सांगितलें. प्रचारकांवर खटले झाले. जुन्या सभेनें रयतेची हकीकत सरकारास सांगितली, नवीनें सरकारचा कायदा रयतेस सांगितला. दोन्हींत बातमीदार तोच, दिशा मात्र उलटी. कोणती अधिक उपयोगाची, यावर वाद होईल. आमचें मत नव्या रीतीच्या बाजूस आहे, कारण मुखत्यारपत्र देणारा प्रथमच येथें ऐकणारा झाला. नव्या मंडळांतही त्याच पेठांतील त्याच वर्गांचे लोक होते, आणि फुल्यांचा आक्षेप पालटलेल्या बहुमतानें पुसला गेला नाहीं, हेंही येथेंच नमूद करतों.

१८९७ च्या मार्चांत लॉर्ड सँढर्स्ट यांच्या सरकारनें ठरविलें कीं, राज्यकारभाराच्या प्रश्नांवर सरकारास लिहिण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून या सभेस यापुढें ओळखावयाचें नाहीं. २७ वर्षें जिचे अर्ज घेतले, ज्यांस उत्तरें दिलीं, तिचा अधिकार सरकारानें एका ठरावानें काढून घेतला. परंतु तो अधिकार सरकारनें दिलेला नव्हता. तो सह्यांचा होता. त्रैमासिकही त्याच वर्षीं थांबलें. आतां त्याचे निबंध पुनः छापण्याचा विचार कोणी करीत असेल तर त्यानें प्रथम कामकाजाचा भाग छापावा, आणि त्यास प्रत्येक वर्षाच्या सभासदांची यादी राहणें, धंदा व जात यांसह जोडावी.