खिशातला वाटाड्या आणि कुडलचा शिलालेख

दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे ठिकाण आहे. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० चा मराठी लेख कोरलेला आहे. शकात ७८ मिळवले की इ. स. १०१८ हे साल येते. सहलीत मुलांना येथे नेले, तर माहिती सांगायला आता फोनही तयार असतो. ऐकणाऱ्याची भाषा, वय आणि आवड पाहून प्रत्येकाला वेगळे सांगणारा हा वाटाड्या शाळेच्या कितपत कामाचा आहे?

कल्पना तशी जुनीच. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ सालीच प्रेक्षक कानाला यंत्र लावून माहिती ऐकत होते. मात्र तेव्हा सर्वांना एकच निवेदन ऐकू येई. आजचे यंत्र माणसागणिक बदलते. सोलापूरला याचा फायदा आहे. येथे एकाच वर्गात घरी मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुले असू शकतात. प्रत्येकाला घरच्या भाषेत समजले, दृष्टिहीन मुलाला शिल्पाचे वर्णन ऐकता आले, तर ते हवेच आहे.

आमची तक्रार वेगळी आहे. फोनमधील जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही सुमारे ५ मीटरपर्यंतच नेमकी जागा दाखवतो. दगडी मंडपात तर उपग्रहांचे संदेश नीट पोचत नाहीत. मूल कोणत्या तुळईखाली उभे आहे, हे त्याला कसे कळावे? अर्थात ही अडचण खुणेची पाटी लावून सुटेल. दुसरी अडचण तशी सुटणारी नाही.

सर्वांत जुना मराठी लेख कोणता? अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखातील शक काही अभ्यासक ९३४ असा वाचतात, तर शं. गो. तुळपुळे यांनी तो ११३२ असा वाचला. पहिले वाचन घेतले, तर आक्षीचा लेख कुडलच्या लेखाहून ६ वर्षांनी जुना ठरतो. दुसरे घेतले, तर १९२ वर्षांनी अलीकडचा. आवडीप्रमाणे माहिती निवडणारे यंत्र, मूल आधी कोठे रेंगाळले त्यावरून पुढचे ठरवते. अंकांच्या वळणावरचा असा वाद कोणाच्याच ठरीव आवडीत बसत नाही, आणि तो नेमका गळतो. शिवाय तीस मुलांनी तीस गोष्टी ऐकल्या, तर परतीच्या गाडीत वाद कशावर घालायचा?

म्हणून आमची सूचना अशी: आधी फोनचा आवाज बंद ठेवावा आणि त्याचा दिवा वापरावा. प्रकाश समोरून टाकला तर कोरीव अक्षरे सपाट दिसतात. बाजूने, तिरपा टाकला की खोबणीत सावली पडते आणि अक्षरे उठून दिसतात. लेखावर खडू, पीठ किंवा पाणी मुळीच लावू नये. दोन-तीन दिशांनी प्रकाश टाकून छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक गटाने ओळखलेली अक्षरे वहीत उतरवावीत आणि मतभेद फळ्यावर मांडावेत. त्यानंतर फोनला खुशाल विचारावे. तोवर त्याचे उत्तर तपासण्याइतके मुलांनी स्वतः पाहिलेले असेल.