खडा टाकायची सवय : ‘कोर्ट’ पुन्हा पाहताना

दादरच्या पुलावर ‘पाकीटमारांपासून सावधान’ अशी सूचना कानावर पडली की माणसं नकळत खिसा चाचपतात. पाकीट नेमकं कुठे आहे, हे चोराला सांगायचा याहून सोपा मार्ग नाही. मीही चाचपतो. अशा गमती टिपायचा नाद मला लालबागच्या चाळीतल्या गॅलरीने लावला आणि नोकरीने तो पोसला. आम्ही अ‍ॅप बनवतो. माणसाचं बोट स्क्रीनवर कुठे अडखळतं, किती सेकंद थबकतं, याची नोंद ठेवतो आणि पुढच्या वेळी बरोबर तिथेच ‘खरेदी करा’चं बटण आणून ठेवतो.

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१५ साली थिएटरात पाहिला तेव्हा माझी बारावी नुकतीच झाली होती आणि खरं सांगायचं तर मी जांभया देत होतो. कॅमेरा लांब उभा राहतो, हलत नाही, प्रसंग संपला तरी निघत नाही. गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला आणि तो कशासाठी थांबतो ते दिसलं. म्हातारे लोकशाहीर नारायण कांबळे (वीरा साथीदार) यांच्यावर आरोप आहे की त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या गटारसफाई कामगाराने आत्महत्या केली. खटला चालवणारी सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) कोर्टातून निघते, लोकलमध्ये शेजारणीशी गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. या बाईला मी रोज पाहतो. ती दुष्ट नाही. तेच तेच चेहरे बघून ती कंटाळली आहे, आणि वीस वर्षं देऊन प्रकरण एकदाचं संपवावं असं सहज बोलून जाते. आपण भाजी महाग झाली म्हणतो तितक्याच सहज. न्यायाधीश बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून एका बाईचं प्रकरण पुढे ढकलतात, त्यातही राग नाही. सवय आहे.

पण चित्रपटातली सगळ्यात महत्त्वाची सवय कॅमेऱ्याला दिसतच नाही. ती साक्षीत येते. वासुदेवची बायको सांगते : आत उतरण्याआधी तो खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. सुरक्षेचं सामान नव्हतं. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. ती हे ज्या सपाट आवाजात सांगते, त्याने मला पुलावरच्या माझ्या गमतींची लाज वाटली. लोकलमध्ये चढताना पदर सावरणं आणि गटारात खडा टाकणं या दोन्हींना मी ‘सवय’ हाच शब्द वापरतो. त्यातली एक चुकली तर माणूस मरतो.

इथेच माझी तक्रार सुरू होते. वकिलांच्या घरात, हॉटेलात, नाटकाला, न्यायाधीशांच्या सहलीला कॅमेरा जातो. कांबळे शिकवताना, गाताना, कोर्टात दिसतात. अटकेनंतर त्यांच्या चुलीपाशी काय चाललंय, ते नाही. वासुदेवच्या बायकोला बचावाचा वकील गाडीतून सोडतो, ती पैसे नाकारून काम मागते, आणि पुढे ती दिसत नाही. ताम्हाणेला तिथे उगाच घुसायचं नसावं, हे मला पटतं. तरी निरखून पाहण्याचा धीर त्याने ज्यांना दिला, ते सगळे खुर्चीवाले आहेत. शेवटची थप्पडही मला नको होती. बाकावर झोपलेल्या न्यायाधीशांना पोरं ओरडून उठवतात, ते एकाला मारतात, पुन्हा झोपतात. ती डुलकी पुरेशी होती. थप्पड मारून दिग्दर्शक हळूच आपल्या कानात बोलतो, जे दोन तास त्याने टाळलं होतं.

हिंदमाताला पाणी तुंबलं की आम्ही छत्रीने जमीन चाचपत चालतो. २०१७च्या ऑगस्टमध्ये प्रभादेवीजवळ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये गेले, तेव्हापासून तर आई निघताना हटकून बजावते. झाकणाखालच्या माणसाचा विचार त्या छत्रीत कधीच नव्हता.

परवा परळला एका उघड्या झाकणाभोवती चारजण उभे होते. एक वाकून आत बघत होता. तो खडा टाकतो का, म्हणून मी थांबलो.

“काय पायजे?” त्याने विचारलं.

“काही नाही,” म्हटलं आणि निघालो. सिग्नलपाशी मागे वळून पाहिलं तर तो अजून माझ्याकडेच बघत होता.