गोधडी भिंतीवर चढते तेव्हा

मंडळी, शेंद्र्यात येऊन गोधडीवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. इथल्या एमआयडीसीत जाणाऱ्या माणसाची जाड कापडाची पँट विरली की तिचं पुढे काय होतं, हे इथल्या बायांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता जुनी लुगडी, चादरी, टॉवेल यांपासून केलेल्या वस्तू गॅलरीत कलाकृती म्हणून लागतात. लागू देत, माझी हरकत नाही. प्रश्न एवढाच की भिंतीवर चढताना गोधडीतलं काय खाली राहतं?

1955 साली रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने उशी, चादर आणि गोधडी चौकटीवर ताणली, वर रंग ओतला आणि ते अंथरूण भिंतीवर उभं केलं. नाव दिलं 'बेड'. धक्का जबरदस्त होता. पण त्यात गोधडी म्हणजे नुसता कॅनव्हास. टाके घालणारीने आधीच एक रचना केली होती, तिच्याशी चित्रकाराचा संवाद मला दिसत नाही. लुईज बुर्जुआचं उलट. नव्वदीत, 2002 साली, तिने स्वतःच्या लग्नातले, आद्याक्षरं काढलेले टॉवेल घेऊन कापडाचं पुस्तक शिवलं. तिथे कापड कुणाचं, हे कापडच सांगतं.

त्याच वर्षी अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन झालं. मिझुरी पेटवे या बाईने 1942 साली, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली होती. समीक्षकांना अशा गोधड्यांत अमूर्त चित्रकला दिसली. कौतुक खरं, पण अपुरं. कांट 1790 मध्ये सांगून गेला की सौंदर्याचा निर्णय गरजेपासून मोकळा हवा. मी आयुष्यभर कांट शिकवला, पण गोधडीपुढे तो मला अडखळताना दिसतो. कड आधी झिजते म्हणून तिथे लुगड्याचा घट्ट काठ येतो. आतले थर सरकू नयेत म्हणून धावदोरा जवळजवळ पडतो. आपल्याला रचना दिसते ती अशी झिजेतून ठरलेली असते. आणि तरीही, बरं का, मधल्या त्रिकोणांच्या ओळीने ऊब तसूभर वाढत नाही. ती ओळ बाईने का घातली? गरज भागल्यावर हात थांबला नाही म्हणून. या दोन्ही गोष्टी एकत्र बघणारी समीक्षा मला हवी आहे. नुसती 'उपयोगी वस्तू' म्हणणारी नको आणि नुसती 'अमूर्त रचना' म्हणणारीही नको.

माझ्या आईची गोधडी मुलीने काचेच्या चौकटीत लावली. मी चिडलो. ती म्हणाली, "बाबा, पांघरली असती तर दोन वर्षांत फाटली असती." बरोबर होतं तिचं. पण आईने ती फाटणार हे धरूनच शिवली होती. फाटली की वरून आणखी एक लुगडं चढायचं. शेवटी मी एवढंच म्हटलं, खाली आजीचं नाव तरी लिही. तिने लिहिलं. गाठी मात्र उलट्या बाजूला आहेत, आणि ती बाजू भिंतीकडे आहे.