हवामान बदलाचे अध्यापन : कारणांचा धडा आणि नुकसानीचा हिशेब

प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर शिकवला जावा, असे स्पष्ट केले. पुढे २००३ मध्ये न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. त्यातून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम लागू केला. पुण्याचे डॉ. एरॅक भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक सिद्ध केले. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांतील विद्यार्थ्यांच्या कानावर ‘हवामान बदल’ हा शब्द महाविद्यालयाच्या वर्गात पडला, तो प्रामुख्याने या अभ्यासक्रमामुळे. हे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु शब्द कानावर पडणे आणि प्रश्न समजणे यांत अंतर असते. हवामान बदलाची कारणे पर्यावरणाच्या तासिकेत शिकवली जातात आणि बाजाराचे नियम अर्थशास्त्राच्या तासिकेत. नुकसान कोणाचे, किती, केव्हा आणि ते भरून कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र या दोन तासिकांच्या मध्ये हरवतो. या हरवलेल्या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सात तासिकांतील एक ओळ

आयोगाच्या मूळ अभ्यासक्रमात एकूण ५० तासिका होत्या. त्यांपैकी ‘सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण’ या सहाव्या घटकाला सात तासिका मिळाल्या. या सात तासिकांत शाश्वत विकास, शहरांचे ऊर्जाप्रश्न, जलसंधारण, विस्थापितांचे पुनर्वसन, पर्यावरणीय नीती, पडीक जमिनीचा विकास, उपभोगवाद आणि पाच कायदे एवढा ऐवज कोंबलेला होता. हवामान बदलाच्या वाट्याला त्यात एक ओळ आली. तीही जागतिक तापमानवाढ, आम्लवर्षा, ओझोनच्या थराचा ऱ्हास आणि अणुदुर्घटना यांच्या पंक्तीत. ओझोनचा थर विरळ होणे आणि हरितगृह वायूंमुळे तापमान वाढणे या मूलतः वेगळ्या प्रक्रिया होत. परंतु एका ओळीत, एकाच तासिकेत त्या उरकल्या गेल्या की विद्यार्थ्याच्या मनात त्यांची सरमिसळ होण्यास ही मांडणीच वाव देते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. या मांडणीत हवामान बदल हे संकट म्हणून येते आणि त्यावरचा उपाय सदाचरण म्हणून. झाडे लावावीत, वीज वाचवावी, प्लास्टिक टाळावे. हा उपदेश चुकीचा नाही. परंतु त्यातून हवामान बदल हा व्यक्तीच्या सवयींचा प्रश्न ठरतो. उत्पादन, गुंतवणूक, कर, विमा आणि सरकारी अंदाजपत्रक यांच्याशी त्याचा संबंध आहे, हे विद्यार्थ्याच्या लक्षातच येत नाही.

आयोगाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नव्या आराखड्यात हवामान बदलाला स्वतंत्र घटक मिळाला. परिणाम, अनुकूलन आणि उत्सर्जन-घट अशी त्याची रचना आहे. हे स्वागतार्ह आहे. तथापि घटक वाढल्याने प्रश्नाचे घर बदलत नाही. तो पर्यावरणाच्या सक्तीच्या विषयातच राहिला आणि अर्थशास्त्र व वाणिज्य यांच्या मुख्य विषयांना त्याची झळ लागली नाही, तर जुनीच दरी नव्या नावाने शिल्लक राहील.

बाह्य परिणामांची आकृती आणि वटाव दराचे नीतिशास्त्र

अर्थशास्त्राच्या वर्गात हा विषय अगदीच येत नाही असे नाही. तो ‘बाह्य परिणाम’ या प्रकरणात येतो. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेल्या विवेचनापासून त्याची परंपरा आहे. कारखान्याचा धूर शेजाऱ्याचे नुकसान करतो. खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांत तफावत पडते. ती कराने भरून काढावी. फळ्यावर दोन रेषा काढल्या की प्रकरण संपते. कारखाना आणि शेजारी एकाच गावात, एकाच काळात असतील तर ही आकृती पुरेशी आहे. हवामान बदलात मात्र धूर सोडणारा एका देशात व एका पिढीत असतो आणि सोसणारा दुसऱ्या देशात व तिसऱ्या पिढीत. काळ आणि अंतर हे या प्रश्नाचे गाभ्याचे घटक. नेमके तेच आकृतीत नसतात.

निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात काळाच्या या घटकाला मध्यवर्ती स्थान दिले. काहीच न केल्यास होणारी हानी जागतिक उत्पादनाच्या दरवर्षी किमान ५ टक्के, आणि व्यापक परिणाम धरल्यास २० टक्के किंवा त्याहूनही अधिक असू शकते. उलट वेळीच उपाय करण्याचा खर्च सुमारे १ टक्का राहील, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले विल्यम नॉर्डहॉस यांनी त्यावर आक्षेप घेतला. स्टर्न यांनी भविष्यातील हानीचे आजचे मूल्य काढताना वटाव दर फारच कमी धरला. बाजारातील परताव्याशी जुळणारा दर धरला असता तर एवढ्या तातडीचा निष्कर्ष निघाला नसता, असे त्यांचे म्हणणे होते.

हा वाद वर्गात एका साध्या गणिताने उलगडता येतो. शंभर वर्षांनंतर होणाऱ्या १०० रुपयांच्या हानीचे आजचे मूल्य, स्टर्न यांच्या दराजवळच्या १.४ टक्के दराने, सुमारे २५ रुपये येते. दर ४ टक्के धरला की तेच मूल्य सुमारे २ रुपयांवर घसरते. हानी तीच, वर्षे तीच. बदलला तो केवळ दर. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी यंत्रखरेदीचा निर्णय घेताना हेच सूत्र वापरतो. परंतु यंत्राचा मालक आणि त्याचा लाभ घेणारा एकच असतो. येथे दर ठरवणारा एक आणि त्याचे फळ भोगणारा, अजून जन्माला न आलेला, दुसरा. म्हणजे ‘वटाव दर’ या तांत्रिक वाटणाऱ्या संकल्पनेत एक नैतिक निवड दडलेली आहे. सूत्र शिकवून ही निवड न शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याला उत्तर देऊन प्रश्न लपवणे होय.

सरासरीआड गेलेला माणूस

टक्केवारीचेही असेच आहे. भारत सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीने हवामान बदलामुळे शेतीचे उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्क्यांनी आणि असिंचित भागात २० ते २५ टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज दिला. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा एक पंचमांशाहून कमी आहे. त्यामुळे हीच घट राष्ट्रीय उत्पन्नाच्या भाषेत मांडली, तर ढोबळमानाने तीन टक्क्यांच्या आसपास दिसेल. तीन टक्के हा आकडा कोणत्याही वर्गात भीतीदायक वाटणार नाही. परंतु देशातील दोन पंचमांशाहून अधिक कामकरी शेतीवर अवलंबून आहेत. महाराष्ट्रातील बहुतांश शेती तर कोरडवाहूच आहे. म्हणजे राष्ट्रीय सरासरीत जो तीन टक्के आहे, तो मराठवाड्यातील कोरडवाहू कुटुंबाच्या पदरात चौथ्या हिश्श्याचा तोटा म्हणून पडतो. ज्याचे उत्पन्न कमी, त्याचा तोटा एकूण बेरजेत लहान दिसतो. बेरजेचा हा दोष विद्यार्थ्याला दाखवून देणे हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाचेच काम आहे.

पावसाच्या बाबतीतही सरासरी फसवी ठरते. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात भारतातील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्याच अहवालानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस किंचित कमी, पण झोडपणारा पाऊस पुष्कळ अधिक. संख्याशास्त्राच्या तासिकेत सरासरी आणि विचलन यांतील भेद समजावण्यास याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. पेरणीचा निर्णय सरासरीवर होत नाही. तो दोन पावसांमधल्या खंडावर होतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणालाही हाच प्रश्न भिडतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरुड, दापोली परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे रोप फळाला येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. बागाईतदाराचे नुकसान त्या वर्षीच्या पिकापुरते नव्हते. त्याचे भांडवलच उन्मळून पडले होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र पिकाची घट दिसते, उद्ध्वस्त झालेल्या बागेची किंमत त्यातून वजा होत नाही. उलट पडलेली घरे पुन्हा उभारण्याचा खर्च उत्पादनात भर म्हणून मोजला जातो. प्रवाह आणि साठा यांतील फरक विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतो. तो कळण्याची जागा पडलेली बाग ही आहे.

कारणमीमांसेतील सावधपणा

येथे एक इशारा आवश्यक आहे. प्रत्येक आपत्ती हवामान बदलाच्या खात्यावर मांडण्याची प्रवृत्ती वर्गात बळावते, आणि ती अभ्यासाला मारक ठरते. १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्यामागे सलग दोन वर्षांची पावसाची तूट होती हे खरे. परंतु उसाखालील क्षेत्र, खोल जाणाऱ्या विंधन विहिरी आणि शहराच्या पाणीपुरवठ्याचे नियोजन हीदेखील कारणे होती. पाऊस कमी पडणे ही निसर्गाची घटना; त्यातून टंचाई किती व कोणाला, हे पीकपद्धती, मालमत्ता आणि प्रशासन ठरवतात. ‘हवामान बदलामुळे’ एवढ्या एका शब्दावर उत्तर संपू लागले, तर शासन, बाजार आणि समाज या तिघांचीही जबाबदारी त्या शब्दाआड लपते.

पीकविम्याचे उदाहरण याच दृष्टीने उद्बोधक आहे. विमा चालतो तो सर्वांचे घर एकाच रात्री जळत नाही या गृहीतकावर. दुष्काळ किंवा अतिवृष्टी मात्र संपूर्ण महसूल मंडळाला एकदमच गाठते. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत २०१६ पासून खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांना शेतकऱ्याचा हप्ता २ टक्के ठरला. उरलेला भार केंद्र व राज्य यांच्यावर पडला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आणला आणि २०२५ मध्ये ती सवलत मागे घेतली. जोखीम नाहीशी झाली नव्हती. ती शेतकऱ्याकडून तिजोरीकडे आणि तेथून पुन्हा काही अंशी शेतकऱ्याकडे सरकली. जोखमीचा हा प्रवास शोधणे म्हणजेच हवामान बदलाचे अर्थशास्त्र.

अध्यापनाची दिशा

यावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका हा उपाय सुचवला जाईल. तो फारसा उपयोगी नाही. सक्तीचा आणखी एक विषय म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरता आणखी एक विषय. हवामान बदल आहे त्याच प्रकरणांत शिरला पाहिजे : वटाव दरात, संख्याशास्त्रात, राष्ट्रीय उत्पन्नात, विम्यात आणि सार्वजनिक वित्तव्यवहारात. शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु वर सुचवलेल्या उदाहरणांना वातावरणाच्या भौतिकशास्त्राहून अर्थशास्त्राचीच गरज अधिक लागते. अंदाज अनिश्चित आहेत, हा दुसरा आक्षेप. अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा, हेच तर अर्थशास्त्र शिकवते.

यासाठी परंपरा बाहेरून आणावी लागणार नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. ती १९४८ मध्ये ग्रंथरूपाने आली. पाणी आल्याने कोणाला काय मिळाले, हे शेतावर जाऊन मोजण्याची ती पद्धत होती. आज प्रश्न उलटा आहे : पाणी न आल्याने किंवा एकदम आल्याने कोणाचे काय गेले. आयोगाच्या मूळ अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला १०० पैकी २५ गुण होते. या गुणांचा उपयोग नदीकाठच्या सहलीच्या अहवालापुरता न राहता गावाची पैसेवारी, पीक कापणी प्रयोगाची नोंद, विम्याची मिळालेली वा नाकारलेली भरपाई आणि त्या वर्षीचे स्थलांतर यांच्या नोंदी एकत्र मांडण्याकडे व्हावा. शासनाकडून जाहीर होणारी टंचाई आणि घरातल्या हिशेबात त्याआधीच सुरू झालेली टंचाई यांतील अंतर विद्यार्थी स्वतः मोजू शकेल.

समारोप

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. अवकाळी पाऊस, करपलेली पेरणी आणि न मिळालेला विमा हे त्यांना पुस्तकातून कळण्याची गरज नाही. गरज आहे ती या अनुभवाला संकल्पना मिळण्याची, आणि वर्गातल्या संकल्पनेला हा अनुभव मिळण्याची. कारणांचा धडा पर्यावरणाच्या विषयाने गेली दोन दशके दिला. नुकसानीचा हिशेब मांडायला शिकवण्याचे काम अद्याप बाकी आहे, आणि ते अर्थशास्त्र, वाणिज्य व संख्याशास्त्र यांच्या नेहमीच्या तासिकांतच होऊ शकते. हिशेब मांडता आला, तरच तो शासनाकडे आणि बाजाराकडे मागता येईल.