‘निरोगी’ या शब्दाचा काळ

‘नेचर’ नियतकालिकात १९८७ साली जॅनिस एगेलँड व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यातल्या आमिश पंथीयांच्या एका कुळात उन्मादावसाद, म्हणजेच आजची द्विध्रुवी विकृती, अकराव्या गुणसूत्रावरील खुणांशी निगडित आढळते, असे प्रतिपादन त्यात होते. त्यातील जीवशास्त्राविषयी निवाडा देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. परंतु त्याचे गणित ज्या शब्दावर उभे होते, तो भाषेच्या अभ्यासकाने अवश्य तपासावा.

कुळाची निवड मार्मिक होती. थोड्या मूळपुरुषांपासून वाढलेला समाज, मोठी कुटुंबे, जपून ठेवलेल्या वंशावळी. शिवाय ‘हे रक्तातच आहे’ अशा अर्थाचा उद्गार त्यांच्या जर्मन बोलीत रूढच होता. (आपल्याकडे सोयरीक जुळवताना ‘घराण्यातच आहे’ हे वाक्य हलक्या आवाजात उच्चारले जाते, त्याचाच हा सोयरा.)

एखादी जनुकीय खूण आणि रोग पिढ्यान् पिढ्या बरोबरीने उतरतात काय, हे अशा संशोधनात पाहतात. ही जोडी योगायोगाची नसण्याची शक्यता हजारास एक या प्रमाणात भरली, की ती ग्राह्य मानण्याचा प्रघात आहे. या आकड्याचा दरारा मोठा. पण तो काढण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीस ‘रोगी’ वा ‘निरोगी’ ठरवावे लागते. येथे हे काम, नातीगोती न कळू देता, मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने केले होते. तेव्हा निष्काळजीपणाचा आरोप व्यर्थ आहे.

अडचण शब्दातच आहे. ‘तो आजारी पडला नाही’ आणि ‘तो अजून आजारी पडलेला नाही’ ही मराठीत दोन भिन्न विधाने होत. वंशावळीच्या तक्त्यात मात्र दोहोंसाठी एकच रिकामा चौकोन, स्त्री असल्यास रिकामे वर्तुळ. वयाची सूट गणितात धरता येते हे खरे, तथापि चिन्ह काळ दाखवीत नाही. पुढे निरोगी गणलेल्या दोन व्यक्ती आजारी पडल्या, कुळाची आणखी एक शाखा तपासली गेली, आणि १९८९ मध्ये त्याच नियतकालिकात, मूळ संशोधकांपैकी अनेकांच्या सहभागाने, तो संबंध निकालात निघाला. आनुवंशिकता मात्र त्यामुळे खोटी ठरली नाही, हे विसरता कामा नये.

प्रस्तुत लेखकास अधिक खटकते ते १९८९ च्या निबंधाचे शीर्षक. १९८७ च्या शीर्षकात ‘विकृती’ हा शब्द अनेकवचनी होता. पुनर्मूल्यांकनाच्या शीर्षकात मात्र इंग्रजीतील निश्चित उपपद लावून या विकृतीचे ‘ते’ जनुक, एकवचनी, असा उल्लेख येतो. मराठीत उपपद नसल्याने ही गोष्ट भाषांतरात सहज निसटते. जागा चुकली एवढेच मान्य झाले. शोधायचे जनुक एकच, ही समजूत शीर्षकात तशीच उभी राहिली. २०२१ मध्ये चाळीस हजारांहून अधिक रुग्णांच्या तपासणीतून ६४ जागा पुढे आल्या. त्यांपैकी प्रत्येकीचा परिणाम अल्प आहे.