डेक्कन कॉलेजांतील अनेक विद्या व त्यांचा परस्परसंबंध

विद्यापीठाचें मोठेपण तेथें किती विषयांत संशोधन चालतें यावरून ठरविण्याची पद्धति आतां रूढ झाली आहे. वार्षिक अहवालांत विभागांची यादी येते, प्रबंधांची संख्या येते, आणि त्या लांबीवरून वाचकानें खोलीचा अंदाज करावा अशी अपेक्षा असते. आमच्या मतें ही कसोटी अपुरी आहे. दहा दुकानदार एका पेठेंत शेजारीं शेजारीं बसले म्हणून त्यांचा एकमेकांशीं व्यवहार झाला असें होत नाहीं. एका विद्येचा पुरावा दुसरीला आपला सिद्धान्त तपासावयास लावतो कीं नाहीं, ही खरी कसोटी होय. ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजास लावून पाहावी, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या संस्थेची परंपरा १८२१ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेपर्यंत पोंचते. १८६४ मध्यें तिला डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें. १९३४ मध्यें कॉलेज बंद पडलें, आणि १९३९ मध्यें पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून तें पुन्हां उघडलें. १९९० पासून तें अभिमत विद्यापीठ आहे. १९३९ च्या मंडळींत भाषाशास्त्रास सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वास हसमुख धीरजलाल सांकळिया, समाजशास्त्रास इरावती कर्वे आणि मराठ्यांच्या इतिहासास त्र्यंबक शंकर शेजवलकर होते. शेजवलकरांचा पानिपतावरील इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्यें येथूनच निघाला. तो या त्रैमासिकाच्या वाचकांस परिचित असल्यानें त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

अशी अनेक विद्वानांची एकत्र वस्ती हवी कशाला, असें कोणी विचारील. कारण इतिहासाचार्य राजवाडे यांचें उदाहरण आपल्यापुढें आहे. ऐतिहासिक साधनें, व्याकरण, धातुकोश, ग्रामनामें, विवाहसंस्था, या सर्व क्षेत्रांत ते एकटे हिंडले. त्यांच्या मनांत विद्यांमध्यें भिंती नव्हत्या, हें त्यांचें सामर्थ्य. परंतु त्यांच्या व्युत्पत्तीला तेथल्या तेथें हरकत घेणारा भाषाशास्त्रज्ञ, किंवा त्यांच्या समाजविषयक अनुमानावर शंका काढणारा समाजशास्त्रज्ञ शेजारीं बसलेला नव्हता. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ति पुढील पंडितांनीं मान्य केल्या नाहींत. संस्थेची गरज उत्पन्न होते ती येथें: एका बुद्धीस स्वतःचा प्रतिपक्ष पुरेशा निष्ठुरपणें होतां येत नाहीं.

कर्वे यांच्या कामांत ही गरज चांगली भागलेली दिसते. विवाहसंस्थेचा विचार राजवाड्यांनीं आयुष्याच्या अखेरीस मुख्यतः प्राचीन ग्रंथांच्या आधारें केला. कर्वे यांनीं १९५३ मध्यें भारतांतील आप्तसंबंधांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो संस्कृत ग्रंथांचा आधार घेऊनच. पण त्याच्या जोडीस त्यांनीं प्रत्यक्ष हिंडून जमविलेली माहिती ठेविली आणि निरनिराळ्या भाषांतील नात्यांचे शब्दही मांडले. भाषेचा प्रदेश व नात्यांच्या चालीचा प्रदेश हे दोन्ही त्यांनीं एकत्र पाहिले. याचें महत्त्व घरगुती उदाहरणानें कळेल. महाराष्ट्रांत अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आणि सुनेनें सासूस ‘आत्याबाई’ म्हणण्याचीही रीत आहे. पहिली चाल नवऱ्याकडून पाहिली तर मामाची मुलगी, आणि नवरीकडून पाहिली तर आत्याचें घर! शब्द व चाल यांची अशी गांठ पडली म्हणजे दोन्ही साक्षींचें बळ वाढतें.

आतां कोशाकडे वळूं. ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृताचा बृहत्कोश करावा ही योजना कत्रे यांनीं १९४८ मध्यें हातीं घेतली. ऋग्वेदापासून पुढें सुमारें दीड हजार ग्रंथांतून शब्द उतरून घेतले गेले, आणि शब्दपत्रिकांची संख्या एक कोटीच्या आसपास गेली. पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखालीं १९७६ मध्यें निघाला; पस्तीस भाग झाले तरी ‘अ’ संपला नव्हता. या मंदगतीची थट्टा करणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, शब्दाचे अर्थ कालक्रमानें लावणें हें उत्खननासारखेंच काम आहे. वरचा थर घाईनें उकरला तर खालचा बिघडतो.

तरीही आमची एक तक्रार आहे, आणि ती कोशकारांहून त्यांच्या शेजाऱ्यांविषयीं अधिक आहे. ऋग्वेदांत यव आहे. व्रीहि अथर्ववेदांत भेटतो. गोधूम यजुर्वेदाच्या संहितांत येतो. धान्यांच्या नांवांचा हा क्रम आणि जमिनींतून निघणाऱ्या जळक्या दाण्यांचा क्रम एकमेकांशेजारीं मांडून पाहण्यास कोश ‘ग’ पर्यंत येण्याची वाट पाहावी लागत नाहीं. पत्रिका तयार आहेत व एकाच आवारांत आहेत. एका विषयाच्या पत्रिका वेगळ्या काढून, त्या विषयाच्या तज्ज्ञासह छापल्या, तर कोशाचें फळ आजच्या पिढीसही चाखावयास मिळेल.

शेजाऱ्याचा सल्ला न घेतल्यानें काय होतें तें सांकळियांच्याच एका प्रतिपादनांत दिसतें. सांकळिया हे या विद्येचे आपल्याकडील आचार्य. त्यांच्याविषयींचा आदर राखूनच आम्ही हें लिहितों. नर्मदाकांठच्या नावडातोळी येथें पन्हळीसारख्या तोटीचीं भांडीं सांपडलीं, तेव्हां त्यांनीं इराणांतील सियाल्क येथील भांड्यांशीं त्यांची तुलना केली आणि त्या वाटेनें आर्यांच्या आगमनाशीं संबंध असण्याची शक्यता मांडली. भांड्यांचें साम्य पाहण्याचा अधिकार पुरातत्त्वज्ञाचा आहे. परंतु ‘आर्य’ हा शब्द मूळ भाषेच्या साक्षीवर उभा आहे, आणि खापरास भाषा नसते. तोटी दूर देशीं जाऊं शकते, तिच्याबरोबर बोलणाराही गेला असें त्यावरून ठरत नाहीं. हा आक्षेप भाषाशास्त्राच्या विभागानें त्याच वेळीं छापील रूपानें घेतला असता, तर तो आपल्या विद्वत्तेचा भूषणभूत वाद झाला असता.

याच्या उलट बाजूस इनामगांव आहे. पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत, घोड नदीच्या कांठीं, १९६८ पासून बारा हंगाम येथें उत्खनन झालें. सांकळिया, ढवळीकर व अन्सारी यांच्या नांवें त्याचा मुख्य अहवाल १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांचें हें गांव. जव हें त्यांचें मुख्य पीक. मुलें मेलीं तर दोन मडक्यांचीं तोंडें एकमेकांस लावून, त्यांत घालून, घराच्या जमिनीखालीं पुरीत. प्रौढ माणसाचीं पावलें घोट्यापासून तोडून पुरीत. संस्कृताच्या अभ्यासकास येथें वैदिक अंत्यविधींतील मृत्यूचा माग पुसण्याचा विधि आठवेल. पण नावडातोळीच्या तोटीविषयीं जें म्हटलें तेंच आपल्यासही लागू आहे. साम्य म्हणजे संबंध नव्हे.

या गांवांत पूर्वकाळीं मोठीं चौकोनी घरें होतीं, उत्तरकाळीं लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास हवा कोरडी होऊन पिकें बुडालीं आणि लोक दरिद्री झाले, अशी ढवळीकरांची उपपत्ति. ती सुसंगत आहे. पण तिचा खरा कस हाडांनीं लागला. ल्यूकाक्स व वाळिंबे यांनीं मानवी सांगाड्यांचा खंड १९८६ मध्येंच काढला होता. पुढें अमेरिकन संशोधिका ग्वेन रॉबिन्स शुग यांनीं नेवासें, दायमाबाद व इनामगांव येथील मुलांचे सांगाडे पुन्हां तपासून २०११ मध्यें ग्रंथ लिहिला. उत्तरकाळच्या मुलांची वाढ खुंटली होती हें त्यांसही दिसलें. परंतु एकाएकीं आलेला दुष्काळ हेंच त्याचें कारण, हें त्यांनीं मान्य केलें नाहीं. घरें एक सांगतात, हाडें त्यांस अर्धा दुजोरा देतात आणि अर्धी उलटतपासणी करतात. वाद मिटला नाहीं. पण तो कोठें आहे हें आतां नेमकें कळतें. विद्यांच्या वैविध्याचा लाभ म्हणतात तो हाच.

यावरून आमचें मत असें कीं, डेक्कन कॉलेजाची कीर्ति त्याच्या विभागांच्या संख्येवर नसून अशा भेटींवर आहे, आणि जेथें भेट झाली नाहीं तेथें नुकसान झालें आहे. उत्खननाच्या अहवालांत बियांचा तज्ज्ञ, हाडांचा तज्ज्ञ, मातीचा तज्ज्ञ आपापलें प्रकरण लिहितात आणि उपसंहार मुख्य संपादक करतो, ही सर्वत्र चाललेली पद्धति आहे. उपसंहारापूर्वीं एक प्रकरण या साक्षीदारांचें जेथें पटत नाहीं त्या स्थळांचें असावें. तरुण संशोधकांनींही आपल्या प्रबंधाचें एक तरी प्रकरण दुसऱ्या विद्येच्या जाणकाराकडून तपासून घ्यावें. हीच गोष्ट आम्हां इतिहासमंडळींसही लागू आहे. मोडी कागद वाचणारानें शेतीच्या हंगामाची माहिती मिळविली नाहीं, तर दुष्काळाच्या सालचा तगाईचा हुकूम तो अक्षरशः वाचील, पण तो हुकूम कोणत्या महिन्यांत निघाला व पेरणीस उपयोगीं पडला कीं नाहीं, हें त्यास कधींच कळणार नाहीं.