हात न लावता केलेली समीक्षा

उन्हाळ्याच्या तोंडावर वणी किंवा यवतमाळच्या बाजारात माठ घेणाऱ्या बाईकडे पाहावं. ती माठ उचलते, बोटाच्या पेरानं वाजवते, आवाज बद्द आला की दुसरा घेते. मग तोंड उजेडाकडे धरून आत चीर आहे का बघते. भावाची घासाघीस त्यानंतर. आपल्यासारखा शिकलासवरलेला प्रेक्षक मात्र स्टुडिओ सिरॅमिक्सच्या प्रदर्शनात ‘हात लावू नये’ची पाटी वाचतो आणि ‘छान आहे’ म्हणून बाहेर पडतो.

दाद अशी थिटी असली, तरी कला पुढे गेली आहे. जपानमध्ये शिकून आलेल्या सरदार गुरचरण सिंगांनी दिल्लीत तिचा पाया घातला. १९७१ मध्ये डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी उभारली. भाईंदरच्या ब्रह्मदेव पंडितांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. वणीच्या बाजूनं वर्धा नदी ओलांडली की भद्रावती. तिथल्या ग्रामोदय संघात कृष्णमूर्ती मिरमिरांनी पिढीजात कुंभारकामाला प्रशिक्षणाची जोड दिली.

मला सर्वांत जवळची वाटतात ती ज्योत्स्ना भट यांनी घडवलेली मातीची मांजरं. अंग आवळून बसलेली, तपशील जेमतेम, झिलई मंद. चकाकी नसल्यानं नजर घसरत नाही, पाठीच्या वळणावर रेंगाळते. हात फिरवावासा वाटतो. के. जी. सुब्रमण्यन यांनी बांगलादेश युद्धाच्या काळात केलेली टेराकोटा उठावचित्रं नेमकी उलट. दुमडलेल्या, दाबलेल्या मातीतून घडलेले ते पदकधारी सेनानी हात मागे घ्यायला लावतात. मातीचा मऊपणा तिथं सत्तेचा पोकळपणा उघडा पाडतो. दोन्हींना ‘मातीचा गंध’ म्हणून मोकळं होणं हा आळस आहे.

माती कोणती आणि आच किती, यावर सगळं ठरतं. माठ कमी आचेवर भाजतात, म्हणून तो पाझरतो आणि पाणी गार ठेवतो. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजलं की अंग एकजीव होतं, पाझर थांबतो. माठाचा जो गुण, तोच कपात दोष ठरतो.

२०१८ मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात पहिली इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले भरली. मातीची मोठी मांडणशिल्पं तिनं ठळकपणे पुढे आणली. त्यांना विषय असतो, भूमिका असते, आणि आपलं परीक्षण बहुधा भूमिकेचंच होतं. झिलई का फुटली, कड का जड राहिली, हे कुणी विचारत नाही. भट्टीशी झुंजणाऱ्या कलावंताला नेमका आक्षेप कौतुकापेक्षा जास्त उपयोगी पडतो. तो घ्यायचा, तर निदान काही भांडी प्रेक्षकाच्या हातात द्यावी लागतील, एखादं फुटेल हे धरून.